सिंह, वाघ आणि बडोद्याची पैज

बडोद्याच्या नावावर एक गोष्ट जगभर फिरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांनी म्हणे ॲटलस पर्वतातून एक आफ्रिकी सिंह मागवला, सिमल्याकडचा नरभक्षक वाघ आणवला, दोघांनाही अर्धपोटी ठेवलं आणि हजारो लोकांसमोर एकमेकांवर सोडलं. वाघाने बाजी मारली. महाराजांनी पैसे सिंहावर लावले होते. ३७,००० रुपये मोजावे लागले.

मी दांडिया बाजारात वाढलो. बडोद्यातल्या मराठी शाळेत इतिहास शिकवला. कमाटीबागेत पोरांची सहल नेली की सिंहाच्या पिंजऱ्यापासून वाघाच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचायच्या आतच प्रश्न यायचा: सर, दोघांची लावली तर कोण जिंकेल? मग वर्गाचे दोन तट पडायचे आणि मला ॲटलसची गोष्ट सांगण्याचा मोह व्हायचा. सांगत नसे, कारण माझा तिच्यावर विश्वास नाही. त्या वाघाची खांद्यापाशी उंची चार फुटांहून जास्त होती, असं त्यात ठोकून दिलेलं असतं. एवढा वाघ फक्त शिकाऱ्यांच्या गप्पांत सापडतो.

पण उंचीचं सोडा. माझी शंका वेगळ्याच कारणाने आहे. बडोद्यात झुंजी लावणारी माणसं आपल्या कामात पक्की होती, आणि अशी जोडी त्यांनी लावली असती असं मला वाटत नाही.

त्या कामाचं जवळून केलेलं वर्णन आपल्याकडे आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० च्या दरम्यान, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यात बरेच दिवस मुक्कामाला होता. खंडेराव हौशी गडी. त्यांनी कबुतरांचं लग्न थाटामाटात लावलं होतं, हे बडोद्यात अजून सांगतात. कुस्तीचा त्यांना नाद, आणि त्याहून जास्त नाद साठमारीचा. साठमारीचं मैदान म्हणजे आगड. चहूबाजूंनी जाड भिंती आणि त्या भिंतींत ठिकठिकाणी अरुंद दारं. माणूस तिरका होऊन आत शिरेल, हत्तीचं डोकं अडेल, एवढीच. साठमार उघड्या अंगाने, हातात चाबूक नाहीतर बरची घेऊन मस्तीतल्या हत्तीला चिडवायचे आणि तो अंगावर आला की त्या दारातून पसार व्हायचे. हत्ती मस्तीवर यावा म्हणून त्याला तीन-तीन महिने साखर आणि लोणी चारत. हाताबाहेर गेलाच, तर बांबूला बांधलेली दारू पेटवून त्याला हटवत.

जनावरांची झुंज लावताना हत्तीसमोर हत्तीच असे. गेंड्यासमोर गेंडा. रूसलेने पाहिलेल्या झुंजीत दोन गेंडे एकमेकांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून एकाला काळा आणि दुसऱ्याला लाल रंग फासला होता. तो रंग मला फार बोलका वाटतो. एका मापाची, एका ताकदीची दोन जनावरं आणायची, इतकी सारखी की रंग दिल्याशिवाय कळू नये. तरच पैज रंगते. आखाड्यात पैलवानांची जोड लावणारा वस्ताद हेच पाहतो. सिंह आणि वाघ ही जोडच नव्हे. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज बडोद्यात आले, तेव्हा सयाजीराव बारा वर्षांचे होते, गादीवर बसून सहा महिनेही झाले नव्हते. दरबाराने पाहुण्याला दाखवलं ते हेच: हत्ती, गेंडे, रेडे, एडके.

जोड नसताना झुंज लावली की काय होतं, ते लखनौने दाखवलं. नवाब नसीरुद्दीन हैदर यांच्या काळात, १८३० च्या आसपास, तिथे माणसांचे लचके तोडणारा एक घोडा होता. त्याला वाघाकडून मारवायचं ठरलं. नवाबाचा ठेवणीतला वाघ पिंजऱ्यात सोडला. घोडा मान खाली घालून, नजर वाघावर रोखून उभा राहिला. वाघाने पहिली झेप घेतली ती फुकट गेली. दुसऱ्यांदा झेप घेतली तेव्हा घोड्याने मागच्या दोन लाथा अशा झाडल्या की वाघाचा जबडा मोडला. मग दुसरा वाघ आणला, तो जागचा हललाच नाही. विल्यम नायटनच्या १८५५ च्या पुस्तकात ही हकीकत आहे आणि तो तिखटमीठ लावणारा लेखक आहे, हे मान्य. तरी त्यावरून घोडा वाघापेक्षा भारी, असं कोणी म्हणत नाही. एका पिंजऱ्यात, एका दुपारी, एका घोड्याने एका वाघाला हरवलं, इतकंच.

रोमन लोकांकडेही असा एक दाखला आहे. मार्शल या कवीने कोलोसियमच्या खेळांवर लिहिताना एका माणसाळलेल्या वाघिणीने सिंह फाडल्याचं नोंदवलं आहे. त्यालाही त्याचं नवल वाटलं होतं, म्हणून तर त्याने लिहिलं.

वजनाचे आकडे घेतले तर वाघवाल्यांचं पारडं जड आहे. गीरचा पूर्ण वाढलेला नर साधारण १६० ते १९० किलोंचा, मध्य भारतातला वाघ २०० किलोंच्या पुढे सहज जातो. पण वर्गातली सिंहवाली पोरं एक मुद्दा नेमका विसरायची आणि मला तो पुरवावा लागायचा. सिंह एकटा नसतो. गीरमध्ये दोन-तीन नर मिळून मुलूख राखतात, आणि कळपातल्या सिंहिणी वेगळ्याच. एकट्या सिंहाला रिंगणात उतरवणं म्हणजे संघातला एक गडी मैदानात पाठवून सामना झाला म्हणणं. वाघ मात्र जन्मभर एकट्यानेच लढतो. म्हणजे रिंगणाचा नियमच वाघाच्या सोयीचा.

दोघे एकाच ठिकाणी आपल्याकडेही होते: पुण्यात पेशव्यांच्या शिकारखान्यात, पर्वतीच्या पायथ्याशी, सिंहही होता आणि वाघही. इंग्रज कॅप्टन मूरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पाहिले. 

पण दोघांना एका रानात आणण्याचा खरोखरीचा प्रयोग झाला तो ग्वाल्हेरला, आणि तोही झुंजीसाठी नव्हे. माधवराव शिंद्यांना आपल्या राज्यात सिंह हवे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ते आफ्रिकेतून मागवले. वाटेत काही दगावले, सात पोहोचले. त्यांना मजनू, रामप्यारी अशी नावं दिली आणि पुढे कुनोच्या जंगलात, वाघांच्या मुलखात सोडलं. दोन राजे समोरासमोर येतील म्हणून वाट पाहणाऱ्यांची निराशा झाली असणार. सिंह गुरांवर पडले, मग माणसांवर. अखेर एकेक करून मारले गेले. मारणाऱ्या बंदुका होत्या.

त्यानंतरचा निकाल दिल्लीत, कागदावर लागला. १९६९ मध्ये भारताने सिंहाला राष्ट्रीय प्राणी ठरवलं. १९७२ मध्ये ती जागा वाघाला दिली आणि पुढच्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. कारण सरळ होतं. सिंह एकट्या गुजरातेत उरला होता, वाघ अनेक राज्यांत होता आणि झपाट्याने संपत होता. गुजराती मित्र याला अजून अन्याय म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, चहाचे पैसे ते देतात.

गुजरातेत मात्र वाघच संपला. डांगचे शेवटचे वाघ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत महिसागर जिल्ह्यात एक वाघ दिसला. रस्त्याने जाणाऱ्या एका शिक्षकाने त्याचा फोटो काढला, म्हणजे आमच्याच जातीच्या माणसाने. दोनेक आठवड्यांत तो मेला, उपाशी राहून. आता मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या रतनमहालच्या जंगलात आणखी एक वाघ आलाय आणि या वेळी तो टिकलाय. गुजरातेतल्या सिंहांची २०२५ ची मोजणी ८९१ वर गेली. ते गीरच्या बाहेर समुद्रकिनाऱ्यापर्यंत पसरलेत. तिकडे रतनमहाल, इकडे सौराष्ट्र, मध्ये बडोदं. आमच्या कट्ट्यावर जोड लावणं पुन्हा सुरू झालंय. वाघाकडून तिघे आहेत, सिंहाकडून चौघे, आणि वस्ताद म्हणून मला बसवलंय. मी दोन्ही बाजूंकडून पैसे गोळा करून ठेवलेत.