फासा आणि पंच

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ या तरुण लेफ्टनंटने नकाशावर खेळायचा युद्धखेळ तयार केला. गोळीबारात किती सैनिक पडले हे फासे टाकून, कोष्टके पाहून ठरे. पण कोष्टकांमुळे खेळ रखडू लागला. म्हणून १८७६ साली फेर्डी दु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने फासे व कोष्टके बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचावर सोपवावा असे सुचवले.

परंतु पंचाला नको असलेला निकाल आला तर? मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवेच्या स्वारीची तालीम पटावर केली. फाशांनुसार नऊ बाँब लागून दोन विमानवाहू जहाजे बुडाली. तालमीचे प्रमुख उगाकी यांनी नऊचे तीन केले. एक जहाज वाचले. जूनमधील खऱ्या लढाईत जपानची अशी चार जहाजे बुडाली.

फाशाने भविष्य सांगितले होते असे नव्हे; नकोशी वाटणारी शक्यता त्याने समोर ठेवली होती.

१९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने फासे व पंच दोन्ही ठेवले. फाशाला परिस्थिती कळत नाही, पण त्याला कोणाची भीडही नसते. प्रयोगवहीतील ‘चुकीची’ नोंद खोडणाऱ्या विद्यार्थ्याला ही हकिगत जरूर सांगावी.