नियत काल आणि नियतकालिक

भंवरकुआं चौकाला 2021 मध्ये टंट्या मामा भील यांचे नाव देण्यात आले. तरी जुन्या इंदूरकरांच्या तोंडी तो अजून भंवरकुआंच आहे. होळकर सायन्स कॉलेजच्या शेजारचा हा सारा भाग आता स्पर्धा-परीक्षांच्या वर्गांनी गजबजलेला असतो. तेथील पुस्तकांच्या दुकानांत चालू घडामोडींची मासिके रचून ठेवलेली दिसतात आणि महिना उलटला की मागल्या अंकाला कोणी विचारीत नाही. या वातावरणात वाढलेल्या आपल्या नातवंडांना आपले पत्र तीन महिन्यांनी एकदा येते याचे नवल वाटले, तर त्यांचा दोष नाही. ‘त्रैमासिकाचे मासिक का करू नये?’ हा प्रश्न आपल्या बैठकांतही अधूनमधून निघतोच. मराठी नियतकालिकांच्या इतिहासाला तो नवा नाही.

‘नियतकालिक’ या शब्दातच त्याचे व्रत सांगितलेले आहे. काल नियत करावयाचा आणि पाळावयाचा. पहिल्या मराठी संपादकालाच या व्रताचा भार उचलावा लागला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघाले ते पाक्षिक म्हणून. इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापावयाचा, म्हणजे प्रत्येक अंकाचे काम दुहेरी. असे असूनही चारच महिन्यांनी, 4 मे 1832 पासून, ते साप्ताहिक झाले. बाळशास्त्री त्या वेळी विशीतले होते. ‘दर्पण’ आठ वर्षांहून अधिक काळ चालून 1840 मध्ये थांबले, आणि त्याच वर्षी बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ सुरू केले. ते मासिक होते. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय त्यात येत. वृत्त आठवड्याने शिळे होते. ज्ञानाला महिन्याची सवड परवडते. माझ्या मते हा बदल माघार नव्हे. विषय पालटला तसा संपादकाने कालही पालटला.

भाऊ महाजन तथा गोविंद विठ्ठल कुंटे यांनी तर दोन्ही चाली एकाच हयातीत चालवून पाहिल्या. त्यांचा ‘प्रभाकर’ 1841 पासूनचा साप्ताहिक. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ 1848 पासून यातच येऊ लागली. ती आज एकत्र ग्रंथरूपाने वाचताना पुनरुक्ती जाणवते, वाक्ये तुटक वाटतात. परंतु ती सात-सात दिवसांच्या अंतराने वाचण्यासाठी लिहिलेली होती हे विसरू नये. याच भाऊंनी 1854 मध्ये ‘ज्ञानदर्शन’ काढले, ते त्रैमासिक. आपल्या पत्राचा पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो तेथे सापडेल.

निबंधाचे म्हणून जे नियतकालिक आपल्याकडे गाजले ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे. ‘निबंधमाला’ 1874 च्या जानेवारीत सुरू झाली, आणि तिचे 84 अंक निघाले. म्हणजे मासिकाच्या हिशेबाने बरोबर सात वर्षांचे. जवळजवळ सारा मजकूर एकट्या शास्त्रीबोवांचा. त्यांना ज्या सॅम्युअल जॉन्सनचे एवढे वेड होते, त्या जॉन्सनने लंडनमध्ये 1750 ते 1752 या दोन वर्षांत ‘रॅम्ब्लर’चे 208 अंक आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शनिवारी, काढले होते आणि तेही बहुतांशी एकहातीच. शास्त्रीबोवांनी गुरूचा आदर्श घेतला, गती घेतली नाही. ‘रॅम्ब्लर’चा एक अंक म्हणजे एक आटोपशीर निबंध, ‘माले’तला एक विषय मात्र अनेक अंकांतून पुढे सरकत जाई. अशा विस्ताराला महिन्याचे अंतर मानवले. पुढे 4 जानेवारी 1881 रोजी ‘केसरी’ सुरू झाला, तो मात्र दर मंगळवारचा. लोकांना हलवावयाचे तर आठवडाच हवा, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

भंवरकुआंवरून आग्रा-मुंबई रस्त्याने राऊकडे निघाले की पुढे महू येते. तेथे जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांची पत्रे या बाबतीत विशेष बोलकी आहेत. ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाला, ‘बहिष्कृत भारत’ 3 एप्रिल 1927 रोजी. दोन्ही पाक्षिके. ‘बहिष्कृत भारता’चे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरून काढण्याची पाळी बाबासाहेबांवर आली. महाडचा सत्याग्रह, वकिली, अध्यापन आणि पैशाची ओढ यांत पंधरवडे चुकत राहिले. 1929 च्या नोव्हेंबरात ते पत्र बंद पडले. पुढल्या वर्षी ‘जनता’ निघाले ते पुन्हा पाक्षिक म्हणूनच, आणि 1931 मध्ये साप्ताहिक झाले. या वेळी संपादनाला इतर सहकारी होते. हात वाढल्यावर अंतर कमी झाले. हा क्रम उलटा करून चालत नाही.

अंतर ठरविणारा आणखी एक धनी होता, तो म्हणजे टपाल. 1898 च्या डाकघर कायद्यात वृत्तपत्र म्हणून नोंदणी होऊन सवलतीचा दर मिळण्यासाठी दोन अंकांतले अंतर 31 दिवसांहून अधिक नसावे अशी अट होती. त्रैमासिकाला ते दार बंदच. मराठी साहित्यात मासिकांचा जो सुकाळ झाला त्याला ही अटही थोडीशी कारण असावी. तो कायदा आता रद्द झाला आहे. 2023 चा नवा कायदा त्याच्या जागी आला.

मासिकांचे पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. ते मासिक कधीच लयाला गेले, पण वर्षातून एकदाच येणाऱ्या दिवाळी अंकाची प्रथा टिकली. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये थांबली. आपल्याच शहरातली हिंदी ‘वीणा’ मात्र 1927 पासून मासिक म्हणून चालत आली. तिच्यामागे मध्य भारत हिंदी साहित्य समितीसारखी संस्था आणि हिंदीचा अफाट लेखकवर्ग आहे. आपल्याला तिचा हेवा वाटावा, अनुकरण करण्यापूर्वी मात्र थबकावे.

आपल्या घरांत मराठी वाचणारे अजून आहेत. लिहिणारे विरळ होत चालले आहेत. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन साहित्य संमेलने या शहरात भरली, तेव्हा मांडवात जेवढी माणसे होती त्यांच्या तुलनेत आज पाच पानांचा निबंध सलग मराठीत लिहिणारे किती, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीपुरते मोजून पाहावे. मासिक म्हणजे वर्षाला बारा अंक. पहिले तीन उत्साहाने निघतील, चौथ्यात जुने लेख पुन्हा येतील, पाचवा जोडअंक होईल. तीन महिन्यांच्या अंतरात निदान लेखकाला जुनी दप्तरे चाळता येतात, चुलत्या-मावश्यांना विचारून सनावळ्या ताडता येतात. येत्या बैठकीत हा विषय निघालाच, तर मतदानापूर्वी चिटणिसांनी हाती आलेल्या लेखांचे पाकीट टेबलावर ठेवावे. पुढच्या चार अंकांचा मजकूर त्यात निघाला तर द्वैमासिकाचा विचार मीही आनंदाने करीन.