हॅमिल्टन कारक, प्रभावी
कालानुसार बदलणाऱ्या बलाखालील पुंजयामिकीय प्रणालीची दीर्घकालीन वर्तणूक दर्शविणारा कालनिरपेक्ष ऊर्जा-कारक. फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा प्रश्न आय. आय. राबी यांनी १९३७ मध्ये अचूक सोडविला; क्षेत्राबरोबर फिरणाऱ्या संदर्भचौकटीत कारक स्थिर होतो. प्रयोगातील क्षेत्र मात्र बहुधा एकाच रेषेत आंदोलन पावते. त्याचा उलट फिरणारा घटक उपेक्षणीय वाटला, तरी त्याने अनुस्पंदन कंप्रता किंचित सरकते, असे फेलिक्स ब्लोख व आर्नल्ड सीगर्ट यांनी १९४० मध्ये दाखविले. जे. एच. शर्ली यांनी १९६५ मध्ये फ्लोके प्रमेयाच्या (१८८३) आधारे हाच प्रश्न अनंत, पण कालनिरपेक्ष आव्यूहात मांडला. हेबरलेन व वॉ यांनी १९६८ मध्ये मॅग्नस श्रेणीवरून (१९५४) सरासरी कारक काढला व घन पदार्थांतील रुंद अनुस्पंदन रेषा स्पंदमालेने अरुंद का होतात, याचा उलगडा झाला. ही श्रेणी सर्वत्र अभिसारी नसते; क्षेत्राची कंप्रता पुरेशी मोठी असेल तेथेच तिची पहिली काही पदे विश्वसनीय ठरतात.