किमान आवश्यकता : एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, रेल्वे स्टेशनकडून क्रांती चौकाकडे येताना उस्मानपुरा लागतो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन या दोन्ही संस्था याच भागात आहेत, आणि संत एकनाथ रंगमंदिरही इथलेच. साहजिकच नाटकाला जाणारी कुटुंबे आणि भाड्याच्या खोलीत राहणारी मुले अशा दोन तऱ्हांच्या माणसांची ही वस्ती. या वस्तीतल्या एका मध्यमवर्गीय घरात २००३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न विचारला गेला. ते घर आमचे होते, म्हणून तो प्रश्न मला नेमका आठवतो.

घरातला संगणक २००१ सालचा. तो 'अभ्यासासाठी' घेतला होता. त्या वर्षांत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत संगणक याच एका शब्दाच्या आधाराने शिरला. पेंटियम-३ प्रोसेसर, ८६६ मेगाहर्ट्‌झ, १२८ एमबी रॅम. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. दोन वर्षे तो उत्तम चालला. मग 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' आला आणि त्याने चालायचे नाकारले. मी बाबांपुढे नव्या संगणकाची गोष्ट काढली. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "दोन वर्षांत हा जुना झाला. नवा घेतला तर तोही दोन वर्षांत होणार. मग आज का घ्यायचा?"

मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न काटकसरीचा नसून इतिहासाचा आहे, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

१

खेळाच्या वेष्टनावर एक चौकट छापलेली असते : 'किमान आवश्यकता'. अमुक प्रोसेसर, इतकी रॅम, या जातीचे ग्राफिक्स कार्ड. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही कल्पना अपरिचित वाटू नये. आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी असे अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत होती. ग्रंथ कोणासाठी आहे, हे 'अधिकारी' या पदाने ठरे. वेष्टनावरची चौकट म्हणजे या अधिकाराचीच व्याख्या. फरक इतकाच, की इथे अधिकार खेळणाऱ्याचा नसून त्याच्या टेबलावरच्या यंत्राचा असतो, आणि तो पैशाने मिळतो.

आमच्याकडे तर ही चौकटही पोचत नसे. खेळ यायचे ते वेष्टनाविना, प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या नकली सीडीवर. आपला अधिकार नाही, हे खेळ बसवून झाल्यावर काळा पडदा दिसला की कळायचे. 'डिजिट'सारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडीवर खेळांचे नमुने असत. आपले मशीन काय पेलेल, हे आजमावण्याचे ते एकमेव सभ्य साधन होते.

२

या अधिकाराचा इतिहास लहान आहे. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअरचा 'डूम' आला, तेव्हा ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम पुरत असे. जून १९९६ मध्ये त्याच कंपनीच्या 'क्वेक'ने पेंटियमची अट घातली. ही अट केवळ वेगाची नव्हती. 'क्वेक'चे त्रिमितीय गणित दशांश संख्यांवर चाले आणि त्या संख्या भराभर हाताळणारा विभाग पेंटियममध्ये सशक्त होता. सायरिक्सचा ६एक्स८६ हा स्वस्त प्रोसेसर कचेरीच्या कामात पेंटियमच्या तोडीस तोड होता; पण हा एक विभाग दुबळा असल्यामुळे 'क्वेक'पुढे तो मागे पडला.

त्याच १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'व्हूडू' कार्ड बाजारात आले. डिसेंबर १९९९ च्या 'क्वेक-३ अरीना'ने असे कार्ड नसलेल्या संगणकांना दारच बंद केले. कालची चैन तीन वर्षांत आजची अट झाली.

इथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो, आणि माझ्या मते सर्व काही त्याच्यावर अवलंबून आहे. नव्या खेळाची मागणी दोन प्रकारची असते. एक उताराची : यंत्र थोडे मंद असेल तर चित्राचा आकार कमी करा, सावल्या बंद करा, खेळ चालतो. दुसरी पायरीची : यंत्रात एखादी क्षमता मुळातच नसेल, तर कितीही तडजोड करा, खेळ सुरूच होत नाही. उतारावर थांबता येते. पायरीपुढे थांबता येत नाही. चढा, नाहीतर परत फिरा.

३

आमच्या घरातल्या प्रश्नाकडे या भेदातून पाहिले की तो सुटतो. 'व्हाइस सिटी'ची किमान आवश्यकता होती ८०० मेगाहर्ट्‌झ प्रोसेसर, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचे ग्राफिक्स कार्ड. म्हणजे आमच्याकडे कमी होते ते फक्त कार्ड. दुकानदाराने अर्थातच पूर्ण नवे मशीन सुचवले. परंतु आमच्या मदरबोर्डवर कार्डासाठी एजीपीची जागा होती. (इंटेलच्या आय-८१० चिपसेटच्या स्वस्त मदरबोर्डांवर ही जागाच नसे, ज्यांनी त्या वर्षांत चार पैसे वाचवले, त्यांना पुढे सगळेच बदलावे लागले.) तंत्रनिकेतनातल्या एका शेजाऱ्याने देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघून, सकाळी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन, जीफोर्स-४ एमएक्स ४४० हे कार्ड आणून दिले. 'व्हाइस सिटी' धावू लागला. बाबांना वाटले, प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्‌स ऑफ टाइम' आला. १९९० च्या सुमारास डॉसवर आलेला मूळ 'प्रिन्स' हा आमच्या पिढीचा बालपणीचा खेळ. शाळेतल्या संगणकावर आळीपाळीने खेळलेला. नवा 'प्रिन्स' माझ्या सहा महिन्यांच्या कार्डावर सुरूच झाला नाही. कारण असे, की २००१ च्या जीफोर्स-३ मध्ये पिक्सेल शेडर नावाची नवी क्षमता आली होती. एमएक्स कार्डाच्या नावात चाराचा आकडा असला तरी आत ती क्षमता नव्हती. नाव पुढचे, कुळी मागची. आम्ही आकडा पाहून घेतले आणि पायरी पाहायची राहून गेली.

आज वाटते, बाबांचा प्रश्न अर्धा बरोबर होता. 'आज का घ्यायचा' याला जोडून 'काय नाही म्हणून घ्यायचा' असेही विचारायला हवे होते.

४

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, अधिकाराच्या दोन भूमिका समोरासमोर उभ्या राहिल्या. ऑगस्टमध्ये 'डूम-३' आला. त्याची सर्वोच्च चित्रप्रत ५१२ एमबीच्या कार्डासाठी होती आणि अशी कार्डे त्या वेळी घराघरांत सोडाच, बाजारातही सहज मिळत नव्हती. खेळ जणू भविष्यातल्या यंत्राला उद्देशून लिहिला होता. नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ २' आला. त्याच्या कर्त्यांनी एकच खेळ तीन पिढ्यांच्या कार्डांसाठी वेगवेगळ्या रीतींनी रंगवण्याची सोय केली होती. जुन्या कार्डावर पाणी साधे दिसे, नव्यावर त्यात आकाश दिसे. पण कथा, शहर, माणसे तीच. माझे एमएक्स कार्ड त्याला चालले.

ज्या नगरीत एकनाथांच्या नावाचे रंगमंदिर आहे, तिथे हा फरक समजावून सांगावा लागू नये. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी मराठीत सिद्ध झाली, तेव्हा गीतेच्या अधिकाराची अट खाली आली. पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये पाठभेद दूर करून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीन शतकांपूर्वीचा ग्रंथ पुन्हा वाचता येण्याजोगा केला. श्रेष्ठ कृती अट वाढवूनच सिद्ध होते, असे मानण्याचे कारण नाही.

अर्थात साम्य फार ताणू नये. 'हाफ-लाइफ २'ने यंत्राची अट खाली आणली, पण नवी अट घातली : खेळ सुरू करण्यापूर्वी इंटरनेटवरून नोंदणी. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. तोवर डायल-अपवर मोजून मिनिटे खर्च करणाऱ्या घरांना ही पायरी कार्डाहून उंच होती. एक दार उघडले की दुसरे लागते, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्यच आहे.

५

'थांबलो तर अधिक चांगले मिळेल' हा विचार त्या काळी चुकीचा नव्हता. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडलेला आणि १९७५ मध्ये सुधारलेला आडाखा असा, की चिपवरील घटकांची संख्या दर दोन वर्षांनी दुप्पट होत जाईल. शिवाय भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील होऊन संगणकसामग्रीवरील आयातशुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे मान्य केले होते. थांबणाऱ्याला दुहेरी लाभ होता. पण हाच तर्क शेवटापर्यंत नेला तर कधीच काही घेता येत नाही.

उलट टोकाचे उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २००७ चा 'क्रायसिस'. उत्तमोत्तम संगणकही त्याच्या सर्वोच्च चित्रप्रतीपुढे धापा टाकत. 'यावर क्रायसिस चालेल का?' हा प्रश्न जगभर वाक्प्रचारासारखा रुळला. प्रोसेसरचा वेग असाच चढत राहील, या अपेक्षेवर तो खेळ बेतला होता. वास्तविक इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम-४ चा बेत २००४ मध्येच सोडून दिला होता. यापुढे एका गाभ्याचा वेग वाढण्याऐवजी गाभ्यांची संख्या वाढणार होती. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षे नवनवी यंत्रेही 'क्रायसिस'ला अडखळत राहिली. खेळ बनवणाऱ्यांनाच भविष्य चुकते, तर येऊ घातलेल्या खेळासाठी आधीच यंत्र घेऊन ठेवणाऱ्याचे काय होणार?

६

त्यानंतर काळाची गती बदलली. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन-४ आणि एक्सबॉक्स वन यांनी मोठ्या खेळांची मागणी सात वर्षे जवळजवळ एका पातळीवर धरून ठेवली, कारण संगणकावरचे बहुतेक मोठे खेळ याच यंत्रांचे माप घेऊन बनत होते. २०१६ चे जीटीएक्स १०६० कार्ड वर्षानुवर्षे जगातले सर्वाधिक वापरले जाणारे कार्ड राहिले, ते यामुळेच. २०२० मध्ये प्लेस्टेशन-५ आले आणि तीन वर्षांत 'स्टारफील्ड'सारख्या खेळांनी एसएसडीची अट घातली. प्रकाशकिरणांचा माग काढणारी रे ट्रेसिंगची क्षमता घरगुती कार्डांत २०१८ ला आली. मोठ्या खेळांत ती अट म्हणून रुळू लागली २०२४-२५ मध्ये, 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ च्या 'डूम : द डार्क एजेस'पासून.

आता अंतरे मोजा. त्रिमितीय कार्ड येण्यापासून त्याची सक्ती होईपर्यंत तीन वर्षे. पिक्सेल शेडर : दोन वर्षे. रे ट्रेसिंग : सहा-सात वर्षे. पायऱ्या आता दूर दूर आहेत. मधला उतार लांब आणि सौम्य आहे. २००३ मध्ये दोन वर्षांचा संगणक म्हातारा होता. आज पाच वर्षांचा संगणक चित्रप्रत थोडी उतरवून बहुतेक खेळ चालवतो.

थांबणे मात्र नेहमी स्वस्तच पडते, असे नाही. २०२१ मध्ये चिपटंचाई आणि आभासी चलनाचे उत्खनन यांमुळे कार्डांचे भाव छापील किमतीच्या कितीतरी वर गेले आणि २०२२ मध्ये उतरले; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इथेरियमने उत्खननाची पद्धतही सोडली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव काही महिन्यांत चढले. मायक्रॉन कंपनीने डिसेंबरमध्ये 'क्रुशल' या नावाने चालणारा घरगुती ग्राहकांचा व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. मूरच्या आडाख्यात न बसणारी ही बाजाराची हवा आहे, आणि ती पाहूनच पाऊल उचलावे लागते.

७

तर बाबांच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. खेळ येण्यापूर्वी घेऊ नये. उतारासाठी घेऊ नये. तिथे चित्रप्रत कमी करून भागते. ज्या खेळाची खरोखर ओढ आहे, त्याने पायरी दाखवली, की त्या पायरीपुरते घ्यावे, आणि घेताना पुढची पायरी आत आहे का, हे आकड्यावर न जाता तपासावे.

गंमत अशी, की आमच्या घरात हे शहाणपण आधीपासून नांदत होते, फक्त त्याचे नाव वेगळे होते. पाश्चात्त्य प्रकाशक मोठे खेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नाताळच्या तोंडावर काढतात. आमच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळे उस्मानपुऱ्यातल्या मुलाला नोव्हेंबरचा खेळ हाती घ्यायला एप्रिल उजाडे. तोवर खेळातल्या चुका दुरुस्त झालेल्या असत, कार्डांचे भाव उतरलेले असत, आणि कोणाच्या यंत्रावर काय चालले, याची बातमी वसतिगृहापर्यंत पोचलेली असे. मग लोडशेडिंगचे वेळापत्रक, यूपीएसची ताकद आणि मे महिन्यातल्या दुपारी कॅबिनेट किती तापते, हेही पाहावे लागे. या अटी कोणत्याही वेष्टनावर छापलेल्या नव्हत्या. त्या उशिराला आम्ही मागासलेपण समजत होतो. तो एक हिशेब होता.

'सँड्‌स ऑफ टाइम' मी पुढे पाच वर्षांनी खेळलो, माझ्या पगारातून घेतलेल्या संगणकावर. खेळ सुंदरच होता. बाबा मागे उभे राहून थोडा वेळ बघत होते. "हा तोच ना, तेव्हा चालला नव्हता तो?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. "मग थांबला ना तुझ्यासाठी," ते म्हणाले, आणि रंगमंदिरात नाटकाची वेळ झाली म्हणून निघून गेले.