शिडी टेकवायचा दांडा

गेल्या दिवाळीत आपल्या आवारात एलईडी दिवे बसले, तेव्हा मला आमच्या गिरगावातल्या गल्लीतला बिडाचा खांब आठवला. त्याला दिवा नव्हताच. अंगावर रंगाचे थर, वरून केबलच्या वायरी गेलेल्या. पण वरच्या बाजूला एक हातभर आडवा दांडा होता. तो कशाला, असं विचारल्यावर आजोबा म्हणाले, "अरे, बत्तीवाला त्याला शिडी टेकवायचा!"

म्हणजे तो गॅसबत्तीचा खांब. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले १८६५ साली. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून गॅस काढत आणि तो जमिनीखालच्या नळांतून खांबापर्यंत येई. लालबागची 'गॅस कंपनी' जुन्या लोकांना आठवत असेल. संध्याकाळी बत्तीवाला दिवे लावायचा, पहाटे विझवायचा. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले खरे, पण ती कंपनी टिकली नाही. १९०५ मध्ये वाडीबंदरला वीजघर सुरू झालं आणि पुढे गॅसबत्त्या मागे पडत गेल्या. बरेच खांब भंगारात गेले, काहींवर विजेचे दिवे चढले.

आज दक्षिण मुंबईत असे मोजकेच खांब उरलेत. मी पाहिलेल्यांपैकी कुणाचा कंदील गायब, कुणावर बॅनरच्या दोऱ्या. फुटपाथ उंच होत गेल्याने एकाचा नक्षीदार बुंधा निम्मा गाडला गेलाय. बीड वाकत नाही, गाडीचा जोरात धक्का बसला की तडकतं. तिकडे बर्लिनमध्ये मात्र आजही हजारो गॅसदिवे रस्त्यावर जळतात.

आमच्या गल्लीचं काँक्रीटीकरण निघालं तेव्हा खांब वाचवा म्हणून मी अर्ज दिला. "असा खांब आमच्या नोंदीत नाही," असं उत्तर मिळालं. नोंद नाही म्हणजे वस्तूच नाही! महिन्याभराने गेलो तर जागा सपाट. दोष त्यांना एकट्यांना कसा देऊ? लहानपणापासून पाहिलेल्या खांबाचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

म्हणून एक सांगतो. आपल्या गेटवरचा पंचवीस वर्षांपूर्वीचा पहिला दिवा भंगारात चालला होता, तो मी वॉचमनच्या खोलीत ठेवून घेतलाय. मुलांना घेऊन एकदा बघून जा. आणि कुणाकडे तेव्हाचा गेटचा फोटो असेल, तर त्यामागे तारीख लिहून ऑफिसात द्या.