खुणेची नमाज

शुक्रवारी स्वच्छ कपडे घातले, हातपाय धुतले, डुकराचे मांस नाकारले, एवढ्यावरून सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये माणूस इन्क्विझिशनच्या संशयात सापडत असे. अशा काळात तिथल्या छुप्या मुसलमानांच्या हाती एक पत्र होते. त्या पत्राविषयी हे टिपण.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा पडले. शरणागतीच्या तहात मुसलमानांना धर्म पाळण्याची मुभा होती. ती जेमतेम सात वर्षे टिकली. १४९९ मध्ये आर्चबिशप सिस्नेरोस ग्रानादात आला आणि सामूहिक बाप्तिस्मे सुरू झाले. बंड उठले, ते मोडले गेले. १५०२ मध्ये कॅस्टिलच्या मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवण्यात आल्या: बाप्तिस्मा नाहीतर देशत्याग. बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुढे ‘मोरिस्को’ म्हणू लागले.

फेजचे विद्वान अल्-वन्शरीसी यांचा निवाडा कडक होता. ख्रिस्ती राजवटीखाली राहू नये, हिजरत करावी, असे ते सांगत. पण म्हातारे आईबाप आणि तान्ही मुले घेऊन समुद्र ओलांडणे सगळ्यांच्या आवाक्यातले नव्हते. जे मागे राहिले, त्यांनी काय करायचे?

१५०४ मध्ये अल्-वहरानी यांनी याचे उत्तर लिहिले. ओरानचा मुफ्ती म्हणून ते ओळखले जातात. मागे राहिलेल्यांना त्यांनी दोष दिला नाही. नमाज उघडपणे पढता येत नसेल तर खुणेने पढा, दिवसा चुकली तर रात्री भरून काढा, असे त्यांनी कळवले. वजूला पाणी घेता येत नसेल तर भिंतीला हात लावून तयम्मुम करा. नदीत वा समुद्रात डुबकी मारलीत तरी स्नान घडेल. जकात गरिबाला भेट म्हणून द्या. मूर्तीपुढे वाकायला लावले तर मनात आपल्या नमाजेची नियत धरा. दारू किंवा डुकराचे मांस बळजबरीने खाऊपिऊ घातले तर मनाने ते नाकारत राहा. आणि काही अडले तर आम्हाला लिहा.

या फतव्याचा अर्थ ‘मन शुद्ध असले की पुरे, कर्मकांड नको’ असा लावण्याचा मोह होतो. मला तो अर्थ पटत नाही. मुफ्तींनी एकही फर्ज रद्द केलेले नाही. प्रत्येक फर्ज माणसाला पेलेल एवढे लहान केले आहे. नमाज मान हलवण्याएवढी उरली, पण उरली. आजारी माणसाला, प्रवाशाला, रणांगणावरच्या शिपायाला शरीयत सवलत देतेच. मुफ्तींनी तीच वाट शेवटच्या टोकापर्यंत नेली. नियतीवर एवढा भार टाकूनही त्यांनी शरीराला मोकळे सोडले नाही. हात लावायला निदान एक भिंत ठेवली.

याची किंमतही होती. घराबाहेर एक आणि आत दुसरे, असे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या काढावे लागले. अरबी हळूहळू विसरली गेली, तेव्हा लोक स्पॅनिश भाषा अरबी लिपीत लिहू लागले. या अल्हामियादो लेखनात हा फतवाही उतरवला गेला. त्याची एक प्रत १५६३ ची आहे, म्हणजे साठ वर्षांनीही त्याची गरज संपली नव्हती. १८८४ मध्ये अल्मोनासिद दे ला सिएरा गावात एक जुने घर पाडताना दुहेरी जमिनीखाली अशा हस्तलिखितांचा साठा सापडला.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परके वाटू नये. गोव्यातही १५६० मध्ये पोर्तुगीज इन्क्विझिशन आले आणि १७३६ च्या फर्मानात अंगणातली तुळससुद्धा गुन्हा ठरली.

१६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को स्पेनबाहेर घालवले गेले. त्यांतले अनेक ट्युनिसला पोहोचले. तिथे नमाज लपवायचे कारण उरले नाही. तरी त्यांच्यातल्या जाणत्यांना आपल्या माणसांसाठी धर्माची पुस्तके स्पॅनिशमध्येच लिहावी लागली. नियत एवढा काळ टिकली होती; तिचे शब्द मात्र पुन्हा शिकावे लागले.