पोत्याची पट्टी ताणल्यावर बळकट का होते?

अक्कलकोटच्या बाजारात तूर-उडीद भरलेली पांढरी पोती दिसतात. हे पोते म्हणजे विणलेले कापडच असते, फक्त सुताच्या जागी पॉलिप्रोपिलिनच्या चपट्या पट्ट्या असतात. पट्टी साधारण अडीच मिलिमीटर रुंद. 1000 डेनिअरची पट्टी घेतली, तर एका किलोत तब्बल 9 किलोमीटर लांबी भरते. एवढ्या बारीक पट्टीच्या जोरावर 50 किलो धान्य उचलले जाते.

हा जोर प्लास्टिकमध्ये आयता नसतो. दाणे सुमारे 240 अंश सेल्सिअसला वितळवून पातळ पत्रा काढतात आणि तो लगेच पाण्याच्या टाकीत बुडवतात. पाणी गार असेल तर पत्रा झटकन थिजतो, आतले स्फटिक लहान राहतात आणि पुढे तो सहज ताणला जातो. पाणी कोमट झाले की स्फटिक मोठे होतात, पत्रा ठिसूळ बनतो आणि पट्ट्या तुटू लागतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरसारख्या भागात टाकीचे पाणी गार ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

खरी करामत त्यानंतरची. पत्रा कापून केलेल्या पट्ट्या गरम भट्टीतून नेतात आणि पुढचे रूळ मागच्यांपेक्षा पाच-सहा पट वेगाने फिरवतात. सहापट ताणल्यावर 6 मिलिमीटरची पट्टी जवळपास अडीच मिलिमीटरची होते. गुंतवळासारखे पडलेले लांबलचक रेणू एका दिशेत ओळीने लागतात, आणि पट्टी लांबीच्या दिशेने कित्येक पट मजबूत होते.

पण हा सौदा एकतर्फी आहे. जुन्या पोत्यातली पट्टी उपसून ओढून पाहा, तुटता तुटत नाही. तीच नखाने उभी चिरा, लगेच तंतू सुटतात. ताण आणखी वाढवला तर पट्टी विणतानाच फाटते. कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मिसळल्याने हे चिरणे कमी होते, मात्र भुकटी जास्त झाली की ताकद घटते. स्वस्त पोत्यांत नेमकी इथेच काटकसर होते.

भट्टीचे तापमानही नेमके लागते. वितळणबिंदू सुमारे 165 अंश. त्याच्या फार जवळ गेल्यास रेणू ओळीत न लागता नुसते घसरतात, फार खाली राहिल्यास पट्टी पांढुरकी पडून तुटते. शेवटी गरम रुळांवर तिला किंचित सैल सोडतात, नाहीतर बॉबिनवर गुंडाळल्यावर ती आक्रसते.

एवढे सगळे जमले, तरी ऊन-रोधक रसायन नसलेले पोते उघड्यावर काही महिन्यांत हातात चुरते.